आठ दिवस हात लावू नका

सोनचाफा माझ्याकडे आला तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा होता आणि झाडावर मोजून अकरा पानं उरली होती. झाडाच्या मालकीणबाई बँकेत अधिकारी, कुडाळकडून बदली होऊन मंगळवेढ्याला आलेल्या. सामानाच्या टेम्पोत त्यांनी दोनच गोष्टी स्वतःच्या हातानं ठेवल्या होत्या : देवघर आणि हा चाफा. इथं आल्यावर शेजारच्यांनी सांगितलं, ती कोकणातली लाल माती इकडं चालायची नाही, आमची काळी भरा, सोनं आहे सोनं. बाईंनी गडी लावून दोन पोती काळी माती आणवली, मोठी सिमेंटची कुंडी घेतली आणि भर चैत्रात झाड त्या कुंडीत बसवलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवसापासून पानं गळायला लागली. खत कमी पडलं असेल म्हणून खत घातलं, तशी गळती वाढली.

"ताई, गेलं का हो हे?" त्यांनी विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

मी अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडली. खाली हिरवं होतं, ओलसर. "जिवंत आहे," मी म्हटलं, "पण आता तुम्ही त्याला आठ दिवस हात लावायचा नाही."

हे वाक्य मी एकवीस वर्षं म्हणते आहे. पंढरपूर रस्त्याला आमची अर्ध्या एकराची रोपवाटिका आहे. शेडनेट, दोन हौद, एक जुनी चिंच आणि तिच्या सावलीत माझं टेबल. रोपं तयार करणं, पिशव्या भरणं, विकणं हे काम तर आहेच, पण गेल्या दहा-बारा वर्षांत लोक मला जास्त ओळखतात ते कुंडी बदलून देणारी म्हणून आणि कुंडी बदलल्यावर मान टाकलेल्या झाडांचा दवाखाना म्हणून. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर चार-पाच फोटो असतात. पानं लोंबलेली, पिवळी पडलेली, खाली सडा. खाली एकच प्रश्न, काय घालू? घालू नका काही, हे उत्तर लोकांना पटत नाही. झाड समोर झुरत असताना माणसाचे हात स्वस्थ राहत नाहीत. मायेपोटी ते आणखी एक तांब्या पाणी घालतात, आणि तोच शेवटचा ठरतो.

आमचं मंगळवेढं ज्वारीचं गाव. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली, ती कोठारं ज्या रानानं भरली तेच हे रान. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडलेली मालदांडी 35-1 अजून इथल्या घराघरात भाकरीला लागते. तर ज्वारीच्या माणसाला लागण फारशी ठाऊक नसते, त्याला पेरणी ठाऊक. हस्ताच्या पावसावर दाणा ओलीत टाकला की तो तिथंच रुजतो, तिथंच वाढतो, तिथंच कणसाला येतो. त्याची मुळी एकदाही हलत नाही. वरून पाऊस बंद झाला तरी ती ओलीच्या मागं खाली खाली जात राहते, चार-पाच फूट. जन्मापासून काढणीपर्यंत एका जागी उभं राहिलेलं पीक बघत आम्ही मोठे झालो. त्यामुळं झाड उचलून दुसरीकडं ठेवलं की आत काय तुटतं, याचा विचार आमच्या डोक्यात सहसा येत नाही.

माझ्याही आला नव्हता. रोपवाटिका सुरू केली त्या पहिल्या वर्षी होळीच्या सुमाराला मी चारशे गुलाब लहान पिशव्यांतून मोठ्या पिशव्यांत घेतले. लग्नसराईत विकायचे होते. दिवसभर दोन बाया आणि मी बसून काम उरकलं, संध्याकाळी रांगा लावल्या, खूप छान वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या शेंड्यांनी माना टाकल्या. घाबरून मी आणखी पाणी सोडलं. मग कुणाला न विचारता, आपल्याच मनानं, युरियाचं पाणी केलं आणि प्रत्येक पिशवीत एक-एक तांब्या घातलं. मला वाटलं, अशक्तपणा आलाय तर टॉनिक द्यावं. चार दिवसांत तीनशेवर गुलाब काळे पडले. पिशवी फाडून बघितली तर मुळ्या तपकिरी, चिकट, बोटानं ओढलं की साल निघून यायची आणि आतली दोरी हातात राहायची. त्या दिवशी मी रडले. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण चारशेपैकी एकही झाड रोगानं गेलं नव्हतं, सगळी माझ्या हातानं गेली होती, हे जास्त लागलं.

पुढं कळलं ते असं. झाडाची जाड मुळी झाडाला धरून ठेवते, पाणी ती पीत नाही. पाणी पिते पांढरी मुळी. डाळिंबवाले, द्राक्षवाले हा शब्द रोज वापरतात : पांढरी मुळी चालली का, पांढरी मुळी थांबली. टोकाशी दोऱ्यासारखी बारीक, आणि तिच्या अंगावर डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी लव. ही लव मातीच्या कणाला इतकी घट्ट धरून असते की झाड उपटताना ती मातीबरोबरच राहते. आपण कितीही हळुवार काढलं तरी काही मुळ्या तुटतातच. म्हणजे कालपर्यंत शंभर तोंडांनी पाणी पिणारं झाड आज वीस तोंडांनी पितं, आणि वर पानं मात्र तेवढीच, उन्हात तेवढंच पाणी उडवणारी. पानं आपल्या खालच्या अंगाची बारीक छिद्रं मिटून घेतात, झाड मान टाकतं, तरीही भागलं नाही तर खालची पानं सोडून देतं. हे पान सोडणं म्हणजे मरण नव्हे. मिळकत घटली की घर खर्च कमी करतं, तसं ते झाड हिशेब जुळवत असतं. अशा वेळी आपण खत घातलं तर मातीतलं पाणी खारट होतं, आणि खारट माती मुळीतलंच पाणी ओढून घेते. आपण पाण्याचा मारा केला तर मातीतली हवा निघून जाते आणि उरलेली वीस तोंडंही गुदमरतात. लोकांना वाटतं मुळी फक्त पाणी पिते. ती श्वासही घेते. बुडालेल्या मुळीला पाणी असूनही पाणी घेता येत नाही. वरून झाड तहानलेलं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो.

काळ्या मातीचं इथं सांगायला हवं, कारण निम्मी झाडं तिच्यापायी जातात, आणि आमच्या गावात काळ्या मातीला नाव ठेवणं सोपं नाही. शेतात ती खरोखर सोनं आहे. ओल धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, म्हणून तर विहीर नसलेल्या रानात ज्वारी येते. पण शेतात तिला चार-पाच फूट खोली आहे. उन्हाळ्यात ती फाटते, हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात, त्या भेगांतून ती श्वास घेते, वरची माती आत पडते, आपली मशागत ती आपणच करते. कुंडीत यातलं काही होत नाही. ओली असली की फुगून लोण्यासारखी गच्च बसते. वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते. मग तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. खालच्या ताटलीत पाणी दिसतं, माणसाला वाटतं झाड पोटभर प्यालं, आणि मधला गोळा मात्र कोरडाठाक.

सोनचाफ्याचं तर त्याहून अवघड झालं होतं. बाई गेल्यावर त्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मी आणि माझ्या पुतण्यानं कुंडी आडवी केली. झाड बाहेर आलं तशी आतली तऱ्हा दिसली. मध्ये कोकणातल्या लाल मातीची हुंडी, म्हणजे मुळ्यांभोवतीचा गोळा, जशीच्या तशी, विटेसारखी. भोवती चार बोटं जाडीचा काळ्या मातीचा थर. काळा थर चिंब, नाकाला आंबूस वास. लाल हुंडी खुरप्याच्या टोकानं उकरली तर आत भुकटी. वीस दिवस दोन वेळा पाणी मिळालेल्या झाडाच्या मुळ्या कोरड्या मातीत उभ्या होत्या. कारण बारीक कणांची काळी माती पाणी स्वतःपाशी घट्ट धरते. जाडसर लाल मातीला ती ते सहजी सोडत नाही. दोन्हींच्या मध्ये जणू भिंत. ज्या चार-दोन मुळ्यांनी भिंत ओलांडली होती त्या काळ्या चिखलात कुजलेल्या होत्या. बाईंनी काहीच कमी केलं नव्हतं, आणि झाडाला काहीच पोचलं नव्हतं.

काळा थर आम्ही हातानं सोडवला. ओढला नाही. बादलीत पाणी घेऊन हुंडी तिरकी धरली आणि मुठीनं पाणी मारत मारत माती उतरवली. कुजलेल्या मुळ्या सिकेटरनं मागं पांढरं दिसेपर्यंत कापल्या. लाल हुंडी मोडली नाही. फक्त बाहेरून बोटभर सैल केली, म्हणजे जुन्या आणि नव्या मातीत भिंत राहणार नाही. मग बादलीत हुंडी पाऊण तास बसवली, बुडबुडे थांबेपर्यंत. कुंडी सिमेंटची मोठी नको, हुंडीहून दोन बोटंच मोठी, साध्या मातीची, भाजलेली. मोठी कुंडी देणं हेही मायेचंच एक रूप आहे, पण तेवढी माती ओली राहते आणि ती ओल प्यायला मुळ्या नसतात. भरायला जुन्या विटांचा चुरा, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, दोनदा धुतलेलं कोकोपीट आणि मूठभर पोयटा. शेणखत नाही. ते पुढं, झाड कामाला लागल्यावर. भोकावर खापराचा एक तुकडा, पालथा.

आणि पाणी नळाचं. बोअरचं नव्हे. आमच्या भागातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ आहे. कुंड्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढरा थर धरतो तो त्याचाच. मोठं झाड ते सोसतं, आजारी झाडाला ते सोसत नाही.

कुंडी चिंचेखाली पूर्वेच्या बाजूला ठेवली. पश्चिमेला बांबूवर बारदान टांगलं आणि दुपारी त्या बारदानावर पाणी मारायचं. झाडावर नव्हे, मातीवर नव्हे, बारदानावर. लागणीनंतर तीन-चार दिवसांनी देतात त्याला शेतकरी आंबवणीचं पाणी म्हणतात. ते हलकं असतं, मातीला मुळीशी बसवण्यापुरतं. चाफ्यालाही चौथ्या दिवशी तेवढंच दिलं. बाकी काही नाही. रोज सकाळी मी जाऊन बोट मातीत दोन पेरं खुपसायची. गार लागलं की परत फिरायची.

पहिल्या आठ दिवसांत अकरातली सात पानं गळाली. बाई बँक सुटल्यावर रोज यायच्या, स्टुलावर बसायच्या, बोलायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "तुम्ही काहीच करत नाही आहात." मी म्हटलं, "करतेय की. थांबतेय." त्यांना ते आवडलं नसावं. मलाही दर वेळी खात्री असते असं नाही. खोडाची साल रोज खरवडून बघण्याचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरते, कारण तीही एक जखमच.

एकोणिसाव्या दिवशी शेंड्याच्या डोळ्यावरची लव जराशी ताणलेली दिसली. मी कुणाला सांगितलं नाही. तेविसाव्या दिवशी त्यातून पोपटी टोक बाहेर आलं. तेव्हा फोन केला. त्या दुपारच्या सुट्टीतच आल्या, बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच, आणि कुंडीसमोर उकिडव्या बसल्या. लग्न झाल्यावर त्यांच्या वडिलांनी दिलेलं कलम होतं ते. मला हे तोवर माहीत नव्हतं.

पावसाळ्यात पुढची अडचण आली. नवी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या. आमच्याकडं याला केवडा पडला म्हणतात. चुनखडीची जमीन, चुन्याचं पाणी, त्यामुळं मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. ऊसवाले हे दरसाल बघतात. चिमूटभर हिराकस लिटरभर पाण्यात, वर लिंबाचे चार थेंब, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी परत. पानं हिरवी झाली. मग जुन्या शेणखताची पहिली ओंजळ. फुलाला दुसऱ्या वर्षीचा श्रावण उजाडला.

असं सगळं नेहमी जमत नाही, हे मला सांगितलं पाहिजे. माझ्याकडं आलेल्या झाडांतली बरीच जातात. लिंबाची जास्त जातात, कारण लोक ती फार उशिरा आणतात. पण जी जातात त्यांतली बहुतेक पाणी कमी पडून गेलेली नसतात. 2018-19च्या दुष्काळात टँकरचं पाणी हिशेबानं वापरावं लागलं, रोपांना दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. मला वाटलं रोपवाटिका बसली. त्या उन्हाळ्यात नव्यानं पिशव्या बदललेली रोपं आदल्या वर्षीपेक्षा कमी मेली. सावली तेवढी दुप्पट केली होती, शेडनेटवर जुनी लुगडी टाकून. हातात पाणीच नव्हतं म्हणून मला लाड करता आले नाहीत, आणि रोपं वाचली.

जुन्या शेतकऱ्यांना हे वेगळ्या वाटेनं ठाऊक होतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडं म्हणतात. ज्वारीच्या रानाला भेगा पडू लागल्या की कोळपं चालवायचं. वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात, मुळ्या तुटायच्या थांबतात, खालची ओल वर उडून जात नाही. कुंडीला कोळपं नाही, पण खुरपं आहे. आठवड्यातून एकदा वरची बोटभर माती हलक्या हातानं मोकळी करा, वर पालापाचोळा पसरा, पाण्याचे दोन तांबे वाचतात. माझे सासरे असंच करायचे. ते रोपवाटिकेतले नव्हते, आयुष्यभर बैल हाकलेला माणूस. गुलाब मेले त्या वर्षी ते मला एवढंच म्हणाले होते, "पोरी, ओल बघ, पाणी बघू नको."

दक्षिणेकडच्या गावांतून, भोसे, नंदेश्वर, हुलजंतीकडून, डाळिंबाची रोपं न्यायला लोक येतात. तो कोरडवाहू माळ, कित्येक वर्षं पाण्यासाठी झगडणारी गावं. तिथल्या माणसाचं रोपामागचं धाडस माझ्यापेक्षा मोठं आहे, कर्ज काढून तो खड्डे घेतो. म्हणून रोप देताना मी दोन गोष्टी करून दाखवल्याशिवाय सोडत नाही. गुटी कलमाच्या मुळ्या कोवळ्या, ठिसूळ असतात. पिशवी वरून ओढून काढली की हुंडी फुटते आणि हातात काडी राहते. आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं, सकाळी पिशवीला ब्लेडनं दोन उभे काप, तळ कापून टाकायचा, हुंडी खड्ड्यात ठेवायची आणि मगच प्लास्टिक बाजूनं काढायचं. दुसरी गोष्ट, शेडनेटमधलं रोप नेल्या दिवशी उन्हात लावायचं नाही. आठ-दहा दिवस शेतातच बाभळीखाली, कडुलिंबाखाली ठेवायचं, दर दोन दिवसांनी थोडं उन्हाकडं सरकवायचं. एक गडी म्हणाला होता, "आमच्याकडं बाभळीची बी सावली नाही ओ." मी त्याला जुनं शेडनेट दिलं. पुढल्या खेपेला तो ते धुऊन परत घेऊन आला.

शहरातून रोपं आणणाऱ्यांनाही हेच सांगते. आपल्याकडच्या रोपवाटिकांत येणारी कितीतरी शोभेची झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतात. गोदावरीकाठची दमट हवा, तिथली चिकट माती, दोन रात्रींचा प्रवास, आणि उतरतात ती सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांत. अशा झाडाला घरी नेल्या दिवशी कुंडीत बसवायची घाई कशाला? पंधरा दिवस त्याच पिशवीत, व्हरांड्यात राहू द्या. आधी हवा सोसू दे, माती नंतर.

काही झाडं मात्र जागा सोडतच नाहीत. पंढरपूरला विठ्ठलाच्या मंदिरात कान्होपात्रेचं तरटीचं झाड आहे. कान्होपात्रा आमच्या मंगळवेढ्याची. बिदरच्या बादशहाकडं जायला लागू नये म्हणून तिनं विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला आणि तिला जिथं पुरलं तिथं हे झाड उगवलं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. एका वारकरी आजोबांनी मला सांगितलं, "पोरी, मला अंगणात तरटी लावायची. कुठं मिळत नाही." खरंच मिळत नाही, तरटी विकत घेणार कोण? माळावरचं काटेरी झुडूप ते. मी पावसाळ्यात माळावर जाऊन वीतभर उंचीचं रोप खणलं. वर वीतभर आणि खाली दोन हात खणलं तरी मुळीचं टोक लागेना. शेवटी तुटली. रोप आठवड्यात वाळलं. दुसरं आणलं, ओल्या फडक्यात गुंडाळून, तेही वाळलं. तेव्हा उमगलं की माळावरच्या झाडाची सगळी पुंजी त्या एका सोटमुळीत असते, ती तोडून त्याला सावली-पाणी काय द्यायचं. फळं पिकली तेव्हा बी आणलं आणि आजोबांच्या अंगणात जागेवरच टोकलं. पाचातल्या दोन बिया रुजल्या. आजोबा आता नाहीत. झाड कमरेएवढं झालंय.

मोठ्या झाडांचंही तसंच आहे, फक्त दुःख मोठं. सांगली-सोलापूर महामार्ग आमच्या भागातून चौपदरी होत होता तेव्हा रस्त्याकडेचं एक कडुलिंबाचं झाड वाचवायला काही पोरं माझ्याकडं आली. जेसीबी ठरला होता, नवी जागा ठरली होती, हातात एक दिवस होता. मी नाही म्हणायला हवं होतं. एवढ्या झाडाला सहा महिने आधी भोवती चर खणून मुळ्या कापायच्या असतात, म्हणजे बुंध्याजवळ नव्या पांढऱ्या मुळ्या धरतात, आणि मग खोडाच्या जाडीच्या दहापट रुंदीची तरी हुंडी उचलायची असते. वड, पिंपळ, उंबर त्यातल्या त्यात सोसतात. कडुलिंब, चिंच अवघड. आम्ही त्या दिवशी जेवढी उचलता आली तेवढी हुंडी उचलली. फांद्या छाटल्या, कापांना शेण-माती लावली, पोरांनी दोन महिने टँकर घातले. पावसाळ्यात बुंध्याला फुटवे आले, पोरांनी पेढे वाटले. दसऱ्यापर्यंत फुटवे वाळले. खोडात उरलेल्या शिदोरीवर ते फुटले होते, खाली मुळी धरलीच नव्हती. तेव्हापासून वर पालवी दिसली म्हणून झाड लागलं असं मी म्हणत नाही. पालवी आली, ती उन्हात टिकली, आणि दुसऱ्यांदा नवी पालवी आली, की मग म्हणते.

बँकेतल्या बाईंची तीन वर्षांनी परत बदली झाली, या वेळी विदर्भात. निघायच्या महिनाभर आधी त्या स्वतः आल्या. चाफा आहे त्याच कुंडीत नेणार होत्या. निम्मी पानं आधीच कमी करायची का, ओलं बारदान कसं गुंडाळायचं, टेम्पोत कुठल्या बाजूला ठेवायचं, सगळं वहीत लिहून घेतलं. तिथली माती आणायची नाही, हेही त्यांनीच लिहिलं. पोचल्यावर फोन आला. तीन पानं गळाली होती. त्यांनी काय घालू असं विचारलं नाही. फक्त सांगायला केला होता फोन.

आता हे लिहितेय तेव्हा वैशाख लागलाय. टेबलावर दोन कुंड्या आल्यात, एक जास्वंद, एक कढीपत्ता, दोन्ही परवा बदललेल्या, दोन्हींच्या माना खाली. तुमच्याही मनात या सुट्टीत कुंड्या बदलायचं असेल, मुलं घरी आहेत, वेळ आहे. मृग निघायला महिना आहे. तोवर थांबा. तोवर जुन्या विटांचा चुरा करून ठेवा, पालापाचोळा भिजत घाला, कुंड्या धुऊन वाळवा. पहिले दोन पाऊस पडू द्या, एखादी ढगाळ संध्याकाळ बघा आणि मग हात घाला. बदलून झालं की कुंडी सावलीत ठेवा आणि आठ दिवस तिच्याकडं फक्त बघा.